संत्र्याच्या फुकट कांड्या

माझ्या माहेरच्या माणसांना धंदा जमत नाही, हे मी फार लवकर ओळखलं होतं. धंदा न जमणं हा काही गुन्हा नाही. पण न जमण्याचा तोरा मिरवायचा म्हणजे कमाल झाली. मी नोकरीला अकोल्यात, माहेर अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यात, आणि मधे अकोटवरून जाणारी खडखडती एसटी. दर खेपेला उतरताना मी ठरवायची, यावेळी कुणाला काही शिकवायचं नाही. आणि दर खेपेला शिकवायचीच.

त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला होता. आजूबाजूला एकामागून एक संत्र्याच्या बागा तुटत होत्या, रस्त्यानं लाकडांनी भरलेले ट्रॅक्टर जायचे. आमच्या बागेला पावसाळ्यात धरलेला मृग बहार होता, पण फळ लिंबाएवढं. व्यापारी बांधावरून नजर टाकून निघून गेला, आत यायची तसदीसुद्धा घेतली नाही.

"बाग तोडून टाकतो," दादा जेवताना म्हणाला. "तूर पेरतो." माझा भाऊ मोठमोठे निर्णय असे वरणावर मीठ मागावं तसे सांगतो.

वहिनीनं हातातला घास ताटात ठेवला. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी बागेतली ती कलमं लावली होती, आणि पहिला उन्हाळा तिनं घागरीनं पाणी घालून ती जगवली होती. या बाईनं आमच्या घरात कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं. "एवढा उनाळा टँकरनं पानी द्या. पावसाळा लागला का झाडं सोताच धरतेत."

"टँकर काय तुया माहेरून येईन?" दादा म्हणाला. शेवटी माझ्या देखत ठरलं. त्या बारक्या फळांतूनच टँकरपुरतं निघालं तर बाग राहील, नाहीतर कुऱ्हाड.

बारक्या फळांचं काय करायचं हे शिकवणारं एक प्रशिक्षण अमरावतीत होतं, फक्त बायकांसाठी. वहिनी निघाली, सोबत मी. शिकवणाऱ्या मॅडम गाडीनं आल्या होत्या, पर्सला जुळणारी साडी नेसून. त्यांनी सांगितलं की दूध, साय, तूप हे सगळं हृदयाचं वैरी. स्निग्धता घ्यायची तर झाडाझुडपांपासून मिळणारी घ्यावी. संत्र्याचा गर, नारळाचं दूध, शेंगदाण्याचं वाटण, चवीपुरता गूळ. कांडीसारखं गोठवलं की झाला आरोग्यदायी खाऊ. समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरी तूप पोळ्याला दिसायचं, तेही पुरणपोळीवर बोट फिरवण्यापुरतं. त्यांना तूप सोडायला सांगायला ही बाई एवढं पेट्रोल जाळून आली होती! आणि बायका माना डोलवत होत्या. मग दुधाचा चहा आणि क्रीमची बिस्किटं आली. मॅडमनी दोन खाल्ली. हसावं की उठून जावं, मला कळेना.

वहिनीनं मात्र सगळं मनावर घेतलं. आमच्याकडे ओला नारळ देवापुढे फुटायचा, भाजीत पडायचं ते सुकं खोबरं. तिनं तेच भिजवलं, शेंगदाणे भिजवून त्यांची सालं काढली, आणि दोन्ही पाट्यावर वाटलं, कारण लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. यंत्रात काढलेला रस घटकाभरात कडू झाला, म्हणून तिनं एकेक फोड सोलून, बी काढून, नुसता गर घेतला. गोठवायची सोय मी केली. अंजनगावच्या कुल्फीवाल्या चाचांकडून त्यांची पेटी आणि पत्र्याचे साचे आणले. पेटीत बर्फ आणि खडेमीठ भरून साचे त्यात रोवायचे.

पहिली कांडी मी नाक मुरडतच तोंडात घातली. आंबटगोड, मऊ, दाताखाली बर्फाचा कण नाही, आणि गिळल्यावर दाण्याची चव मागे रेंगाळणारी. वाईट झाली असती तर फार बरं झालं असतं. मग दोष कांडीला देता आला असता.

आठवडी बाजारात आम्ही चाचांच्या शेजारी पेटी मांडली. उन्हानं डांबर मऊ झालेलं, गिऱ्हाईक तुटून पडावं असा दिवस. पहिली आली एक म्हातारी. वहिनीनं तिला आधी विचारलं काय, तर गाव कोणतं. म्हातारीनं गाव सांगितलं, त्या गावात वहिनीची मावशी दिलेली निघाली, आणि कांडी फुकट गेली. मग आला दादाच्या ओळखीचा एक, मग त्याचा साडू. ज्यांचं नातं लागेना त्यांच्याशी ती लावून दाखवायची. वऱ्हाडात नातं लावायला काय लागतं? दोन गावं आणि एक लग्न. संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी झाली, आणि कनवटीला होतं ते दोन-चार खरोखरच्या परक्यांनी, वहिनीची नजर चुकवून, माझ्या हातात कोंबलेलं.

चाचा पेटी धुताना म्हणाले, "बाई, ये दुकान लगाया था या भंडारा?"

मी रस्ताभर वहिनीला फाडून खाल्लं.  घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "बाई, फुलावर हाये तवा व्यापाऱ्याले बाग देतो आपन. पन खानाऱ्याले कोनी संत्रं इकते का?"

हे खरं होतं, तेच तर दुखणं होतं. आमच्या भागात बागेत आलेला माणूस पोटभर खाऊन, पिशवी भरून जातो, आणि त्याच्याकडून पैसे घेणाऱ्याच्या घरी सोयरीक करायला लोक कचरतात. व्यापारी झाडावरच्या फुलांना भाव पाडून बोलतो, आपण मान खाली घालून हो म्हणतो. आणि मोठेपणा दाखवायचा तो शेजाऱ्याला. हाच आमचा दानशूरपणा. नागडं असावं पण पाहुण्याला धोतर द्यावं! मला तेव्हा त्याची किळस यायची आणि आजही येते.

पुढच्या बाजारी मी वहिनीला घरी बसवलं आणि पेटीशी स्वतः बसले. कुणाला गाव विचारलं नाही, कुणी सांगितलं तर ऐकलं नाही. एकानं "तू तं आमच्या पाटलाची पोरगी" असं सुरू केलं, त्याला म्हटलं, पाटलाच्या पोरीचे आधी पैसे काढ. लोकांनी तोंडं वाकडी केली आणि कांड्या चाटूनपुसून खाल्ल्या. संध्याकाळी टँकरची पहिली खेप येईल एवढं जमलं. मी ते वहिनीच्या ओंजळीत ओतलं, आणि मला वाटलं, चला, एकदा तरी या घरात कुणी शहाण्यासारखं वागलं.

मी अकोल्याला परतले. पुढच्या रविवारी आले तर टँकरचा पत्ता नाही. दादा ओसरीवर बसून नखं काढत होता. "इचार तुया वयनीले," म्हणाला.

माझं वागणं सोयऱ्यांमार्फत तिच्या कानावर गेलं होतं. आणि ही बाई कुणी कुणी कांड्या घेतल्या ते विचारत, उन्हातान्हात दारोदार फिरून ज्याचे त्याचे पैसे परत देऊन आली होती! वर प्रत्येकाला सांगून आली होती की आमच्या बाई शहरात राहतात, त्यांना रीत माहीत नाही, मनावर घेऊ नका. लोकांनी पैसे घेतले. एकानंही नको म्हटलं नाही. त्या घेणाऱ्यांना काय म्हणावं यासाठी माझ्याकडे तेव्हा शब्द होते, सगळे वापरले. वहिनीनं ते ऐकून घेतले आणि पोळ्या लाटत राहिली.

बाग तोडायला माणसं आली त्या दिवशीही मी होते. झाडांवर उरलेली फळं वहिनीनं आदल्या दिवशी उतरवली होती, चाचांची पेटी परत मागून आणली होती. कुऱ्हाडी घेऊन आलेल्यांना तिनं सावलीत बसवलं आणि एकेक कांडी हातात दिली. बांधावर दहा घरची माणसं लाकडासाठी थांबली होती, त्यात पैसे परत घेतलेलेही होते. त्यांनाही दिली. "झाडं तुटल्यावर फाटा घेऊन जा," म्हणाली, "वला हाये, वाळवून जाळजा." त्यांनी खाल्ली. मग झाडांवर घाव बसू लागले. ती पदर डोक्यावर ओढून उभी होती, आणि प्रत्येक घावाला तिचे खांदे हलत होते, पण डोळे कोरडे होते.

मग तिनं मलाही एक दिली. माझा संताप अनावर झाला. मी पर्समधून नोट काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या पेटीच्या झाकणावर ठेवली. इतक्या दिवसांत एकानं तरी रीतसर विकत घेतली, असं तिला एकदा दिसू दे म्हटलं.

तिनं नोटेकडे पाहिलं. झाडं पडताना रडली नव्हती, आता तिचे डोळे भरले.

"बाई," ती म्हणाली, "तुमी बी व्यापारी झाल्या का?"

मी नोट उचलून पर्समध्ये घातली आणि कांडी खाल्ली.