कापसाची खोली

माझा प्रार्थनेवर विश्वास आहे, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. सौसरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बायकांच्या सभेत प्रार्थना कोणी करायची असा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, आणि मला ते आवडतं, हे आज कबूल करते. उभी राहिले की दहा मिनिटं मी सहज बोलते. आजाऱ्यांची नावं, परीक्षेला बसलेल्या पोरांची नावं, काही विसरत नाही. आमचे हे एकदा म्हणाले होते, "तू देवाले बोलूच देत नाही." त्यावर मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पण गेल्या नाताळच्या तोंडावर आमच्या घरात जे घडलं, त्यानंतर मला पहिल्यांदाच शंका आली की इतकी वर्षं मी प्रार्थना करत होते की नुसती बडबड.

आमचं घर सौसरहून मोहगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, शेतातच आहे. पुढे दोन खोल्या, मागे लांबलचक स्वयंपाकघर, या सगळ्यावर टिनाचं छप्पर, आणि बाजूला वर माळा असलेली एक जुनी खोली. ती खोली दर हिवाळ्यात कापसाची होते. वेचलेला कापूस आणून टाकत जायचं. डिसेंबर येईपर्यंत तो तिन्ही भिंतींना छातीच्या वर चढलेला असतो, वरचा माळाही भरलेला असतो, आणि दाराजवळ दोन-तीन माणसं उभी राहतील एवढीच जागा उरते. आमच्याकडे बहुतेक घरी हेच. पण गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळची सभा आमच्याकडे ठरली होती, चाळीसेक माणसं यायची होती, आणि मला ती खोली रिकामी हवी होती. यांनी सांगितलं, कापूस न्यायला गाडी नाताळ झाल्यावरच येईल. झालं, मी त्या कापसावर डूख धरला. येता-जाता दार लोटून बघायचे आणि म्हणायचे, "लोकं काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

सून स्नेहल तेव्हा आठवा महिना संपवून नवव्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिचं माहेर पांढुर्ण्याला. सातव्या महिन्यातच तिचे आईवडील न्यायला आले होते. मीच म्हटलं, "एवढा नाताळ होऊ द्या, मग खुशाल घेऊन जा." बोलताना लाड दाखवला, पण मनात वेगळंच होतं. करंज्या, शेव, अनारसे, एवढा पसारा मला एकटीला उरकला नसता. माझा मुलगा नागपूरला नोकरीला, तो नाताळच्या आदल्या दिवशी येणार होता. स्नेहल काही बोलली नाही. ती मुळातच कमी बोलते, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी नेहमी माझ्या सोयीचाच लावत आले होते.

नाताळला दोन दिवस उरले होते. सकाळपासून आभाळ काळं झालेलं, हवा दमट. अनारशाच्या पिठाला नेमका ओलावा लागतो, पण त्या दिवशी पीठ सैलच पडलं. तुपात सोडला की अनारसा हसायचा आणि कढईभर विखरून जायचा. तीन दिवस तांदूळ भिजवून, पाणी बदलून, सावलीत वाळवून केलेली मेहनत डोळ्यांसमोर वाया जात होती, आणि माझं डोकं कढईपेक्षा तापलं होतं. तेवढ्यात स्नेहल जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, बाळ काही हलून नाही राहिलं."

मी मान वरही केली नाही. म्हटलं, "शेवटी शेवटी त्याले जागा पुरत नाही. झोपलं असंन. तू करंज्या भराले बैस, हात चालू दे, हलते बरोबर." मी दोन बाळंतपणं काढलेली बाई, मला कोण शिकवणार! ती गेली आणि पोळपाटाशी बसली. हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण ते टाळलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

दुपारी वाऱ्यानं एकदम जोर धरला. लाईट गेली. मोबाईलची रेंजही गेली. मग गारा सुरू झाल्या. टिनावर गारा पडतात तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मी खिडक्या लावत फिरत होते, हे बैलांना आत घेत होते, आणि त्या गोंधळात एक बाई स्कूटी फाटकातून तशीच आत घालून आमच्या ओसरीवर येऊन थडकली. चाळिशीची असेल. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, खांद्याला काळी बॅग, गळ्यात बुद्धाचं लहानसं पदक. "मी नर्स हाये, बाई," ती ओरडून म्हणाली, "बोरगावहून येऊन राहिली होती. गारा थांबल्या का निघतो."

मी तिला आत घेतलं, टॉवेल दिला, चहा दिला. खरं सांगायचं तर मनातून वैतागले होते, की एवढ्या घाईत आणखी एक पाहुणी. ती चहा पिता पिता स्नेहलकडे बघत होती. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "कितवा चालू हाये? हलते ना बरोबर?"

स्नेहलनं आधी माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं विचारणारी ती नजर होती. ती आठवली की आजही मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. मग ती म्हणाली, "काल संध्याकाळपासून नाही, सिस्टर."

काल संध्याकाळपासून! म्हणजे रात्रभर ती एकटी पोटावर हात ठेवून पडली होती, आणि सकाळी सगळा धीर गोळा करून मला सांगायला आली होती.

सिस्टर ताडकन उठली. बशी खाली ठेवली, स्नेहलला बाजेवर निजवलं, बॅगेतून पोटावर ठेवून ऐकायची नळी काढली आणि कान लावला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिनं नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली, आणि मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "या आवाजात मले काहीच ऐकू येत नाही. घरात कुठं शांत जागा हाये का?"

चाळीस माणसांच्या सभेसाठी सारवून-सजवून ठेवलेलं माझं घर, आणि त्यात शांत जागा एकही नव्हती. दारातून हे म्हणाले, "कापसाच्या खोलीत चला."

यांनी आत शिरून दोन्ही हातांनी कापूस मागे लोटला आणि वर बसून तो दाबत एका माणसापुरती जागा केली. स्नेहलला आम्ही तिथं डाव्या कुशीवर निजवलं. त्या खोलीत दिवा-कंदील न्यायचा नाही हा आमचा नेम, म्हणून मी मोबाईलचा उजेड धरला. यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं, आणि आवाज गेला. तिन्ही बाजूंना कापूस, माळ्यावर कापूस. बाहेर एवढं वादळ चाललेलं, पण आत मला स्नेहलचा श्वास ऐकू येत होता. ज्या खोलीला मी पंधरा दिवस शिव्या घातल्या, ती देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत होती.

सिस्टर गुडघ्यांवर बसली आणि तिनं कान लावला. मला प्रार्थना करायची होती. सवयीनं तोंड उघडायला गेले आणि एक शब्द सुचेना. देवाला काय सांगणार होते? की माझ्या सुनेकडे लक्ष दे, मी करंज्यांच्या गडबडीत आहे? मी उजेड तेवढा धरून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर एकही शब्द न घेता, तोंड बंद ठेवून उभी होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पण त्या गप्प उभं राहण्यात कोणीतरी माझ्याजवळ होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. त्यापलीकडे मला समजावून सांगता येत नाही.

सिस्टरनं एक बोट वर केलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ती मोजत राहिली. मग म्हणाली, "ठोके हायेत." स्नेहलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पण मंद चालून राहिले. आता बसाचं नाही, लगेच सौसरले न्या. मी संग येतो."

दार उघडून मी यांना सांगितलं, आणि आमचा हा माणूस, जो एरवी चहा मागायलाही आळस करतो, तो डोक्यावर पोतं घेऊन गारांत धावत सुटला. पलीकडच्या बगीच्यात आमच्या शेजाऱ्यांची, रामदासभाऊंची संत्र्याची पिकअप भरून उभी होती, तिच्यावर ताडपत्री ताणलेली. रामदासभाऊंनी काय झालं हे अर्धंच ऐकलं असेल. त्यांनी संत्र्यांची क्रेटं भर पावसात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उतरवली आणि गाडी आमच्या दारात लावली. यांनी खोलीतला कापूस कवेत भरभरून आणला आणि गाडीत हातभर जाड अंथरला. पहिल्या वेच्याचा, सगळ्यात पांढरा कापूस. तो भिजेल, मातीत जाईल, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण या माणसाबद्दल इतकं कौतुक मला त्या दिवशी पहिल्यांदा दाटून आलं.

स्वयंपाकघरात गॅस बंद करून कढई तशीच सोडली. वाटभर स्नेहलचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि सिस्टर तिचा हात धरून बोलत होती, "घाबरू नको व माय, मी हाये ना." सौसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तासाभरात ऑपरेशन केलं. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली. बाहेरच्या बाकावर बसून तो आवाज ऐकला तेव्हा मी सिस्टरच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

जरा सावरल्यावर तिला म्हटलं, "सिस्टर, प्रभूनंच तुम्हाले पाठवलं." ती हसली. "मले तं गारांनी अडवलं, बाई," ती म्हणाली. "पण तुमच्या घरी अडवलं, हे बरं झालं." तिचा देव माझा नाही, माझा तिचा नाही. मी वाद घातला नाही. ओल्या कपड्यांत ती संध्याकाळपर्यंत आमच्यासोबत थांबली, आणि आभार मानायला मी शब्द जुळवत होते तोवर स्कूटी आणायला म्हणून रामदासभाऊंच्या गाडीत बसून निघूनही गेली. अशी माणसं या जगात आपापल्या कामाला जात असतात, आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. कृपा म्हणतात ती बहुधा अशीच पिशवी डोक्यावर घेऊन दारात येत असावी.

आमच्या घरची सभा झाली नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी ती स्वतःच्या घरी घेतली, आणि बायकांनी जिला जे जमलं ते करून नेलं. माझ्यावाचून काही अडलं नाही, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. उलट फार हलकं वाटलं.

नाताळच्या सकाळी आभाळ स्वच्छ झालं होतं. मी दवाखान्यात गेले ती मनात माफीची वाक्यं घोकत. स्नेहल उशीला टेकून बसली होती, बाळ कुशीत. तिची आई पांढुर्ण्याहून आली होती आणि खाटेच्या कडेलाच बसली होती. मुलगा औषधं आणायला गेला होता. विहीणबाईंसमोर सगळं बोलायचं, काही लपवायचं नाही, असं मी ठरवूनच आले होते. मी म्हटलं, "स्नेहल, त्या दिवशी तू मले सांगाले आली..." पुढचं घोकलेलं सगळं विसरले.

तिनं मला थांबवलं नाही, की असू द्या आई असंही म्हणाली नाही. मग बाळाला दोन्ही हातांनी उचलून तिनं माझ्यापुढे धरलं. "आई, तुम्ही घ्या हिले," ती म्हणाली. "मी जरा झोपतो. तीन रात्री झोपली नाही."

तिची स्वतःची आई हाताच्या अंतरावर होती. तरी जिनं तिचं ऐकलं नव्हतं, तिच्याच मांडीवर तिनं लेकरू ठेवलं, कूस वळवली आणि डोळे मिटले. क्षणात तिला गाढ झोप लागली. प्रभूवर भार टाका, असं मी किती सभांमध्ये किती बायकांना सांगितलं असेल. तो कसा टाकायचा हे मला त्या खाटेवर झोपलेल्या पोरीनं दाखवलं.

ती दुपारपर्यंत झोपली. मी मांडीसुद्धा हलवली नाही.