न दुखणारं तोंड

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत दुखल्याशिवाय दात दाखवायला गेलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. दाढ ठणकली की लवंग, गाल सुजला की शेक, आणि अगदीच जीव जायची पाळी आली की डॉक्टर. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. मुलांचे दात तपासायला आलेल्या दादरच्या दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, घरात मशेरी कोण लावतं? आई लावते, म्हटलं. मग दुखत नसलं तरी त्यांना घेऊन या, म्हणाले. तोंडातली वाईट दुखणी सुरुवातीला दुखतच नाहीत. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना.

आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. वडील गेल्यापासून घर तिच्याच जिवावर. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची, आणि सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, रात्री निजताना बोटानं दातांवर घासत बसायची. ती माझं कसलं ऐकतेय? म्हणायची, "दुखना नाय, तर दाखवू कित्याक?" मी समजावलं, भांडले, अबोला धरला. शेवटी जेवायचं सोडलं तेव्हा बाईसाहेब तयार झाल्या.

आणि तयारी तरी काय केली! पाहुणे यायचे म्हणून घर झाडावं तशी पहाटेपासून दुप्पट मशेरी घासली. वर परक्या माणसापुढे तोंडाला वास नको म्हणून एक चिमूट गालात दाबून ठेवली. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तर आत सगळं काळं. चुळांवर चुळा झाल्या, कापसानं पुसून झालं, तेव्हा कुठे दिसलं: चिमूट ठेवायची त्याच जागी गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्यांनी दाबून विचारलं, दुखतं का? आई खुशीत नाही म्हणाली. मशेरीनं तिचं तोंड इतकं बधिर केलं होतं की दुखलं असतं तरी तिला कळलं नसतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पंधरा दिवस मशेरी पूर्ण बंद, आणि पुन्हा येताना तोंड नुसत्या पाण्यानं धुऊन यायचं. चट्टा तसाच राहिला तर परळच्या इस्पितळात तुकडा काढून तपासावा लागेल. कॅन्सर हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, पण मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

ते पंधरा दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. आईचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांडी आपटायची. मला म्हणायची, तू माझी मुलगी नव्हेस, सासू आहेस. एका रविवारी दुपारी शेजारच्या बिऱ्हाडातून तंबाखू भाजल्याचा वास आला, तशी मी तरातरा गेले आणि तिथल्या मावशींना नाही नाही ते बोलले. आल्यावर बघते तर आई दाराच्या फटीशी डोळे मिटून तो वास घेत उभी. मला राग यायच्या ऐवजी भीतीच वाटली.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, आणि नेमका आम्ही डॉक्टरांकडे परत जायच्या दिवशी हरताळ. ट्राम नाही, बस नाही, सगळी दुकानं बंद. मी म्हटलं, उद्या जाऊ. आई चपला घालून दारात उभी होती. आम्ही दादरपर्यंत चालतच निघालो.

पुलापाशी एका पोलिसानं काठी आडवी धरली. दात दाखवायला चाललोय म्हटलं तर डाफरला, आजच्या दिवशी दात दाखवायला कोण जातं? माझं डोकं फिरलं. मी तोंड सोडणार तोच आईनं त्याच्यापुढे भला मोठा आ वासला आणि बोटानं गाल ताणून धरला. तो बिचारा मागेच सरला, जा म्हणाला. एरवी मी पोट धरून हसले असते. लांबून घोषणा ऐकू येत होत्या, मध्येच फटाफट आवाज झाले आणि माणसं पळत सुटली. आईनं माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी दार अर्धं लोटून ठेवलं होतं. त्यांनी आईच्या तोंडात छोटा आरसा घातला आणि बघतच राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. मग म्हणाले, बराच फिका पडलाय, परळला जायची गरज नाही. मशेरी मात्र जन्मात नको, आणि दुखो न दुखो, दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं. मला तिथंच हुंदका फुटला.

आई हसली नाही की रडली नाही. खुर्चीवरून उतरली आणि माझं मनगट धरून मलाच त्या खुर्चीत बसवलं.

"आता हिचा तोंड बघा," ती म्हणाली. "पयली मशेरी हिच्या बोटाक मीच लायलंय. ती अजून चोरून लायता."

डॉक्टरांनी दिवा माझ्याकडे वळवला. मी तोंड उघडलं, आणि ते बोलेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.