चालत्या गाडीत बंद पडणारा जनरेटर

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतातला माणूस नाही. आम्ही बौद्ध. घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या, आणि कोणी भानामती, करणी, बाहेरची बाधा असलं काही बोललं की माझे बाबा त्याला आधी चहा पाजायचे आणि मग तासभर सोलून काढायचे. माझा धंदाही तसाच. वारंगा फाट्यावर माझं जनरेटर आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मशीन बंद पडलं म्हणजे त्याला कारण असतं — एक तर तेल नाही, नाहीतर हवा नाही, नाहीतर करंट नाही. चौथं कारण म्हणजे मालकाचा शहाणपणा. पाचवं कारण मी आजवर ऐकलं नव्हतं...

झालं असं, की बाबांची फुफ्फुसं कामातून गेली होती. दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. सिलिंडर नव्हे, विजेवर चालणारं — खोलीतलीच हवा ओढायची आणि त्यातला ऑक्सिजन नळीनं नाकात सोडायचा. मशीन थांबलं की थोड्या वेळात ओठ निळे पडायचे. आणि अशा माणसानं भर उन्हाळ्यात हट्ट धरला, "मला एकदा गावाला ने."

गाव म्हणजे हिंगोलीच्या पुढे, पुसेगावच्या अलीकडे. तिथं आमचं जुनं घर, थोडं रान आणि एक विहीर. मी म्हणालो, ॲम्ब्युलन्स करतो. तर म्हणाले, "ॲम्ब्युलन्समधून उतरलो तर बायामाणसं गळ्यात पडून रडाया लागतील. मी काय मेलो का?"

बोला आता!

नांदेडचा एक ओळखीचा माणूस मोटरहोम भाड्यानं देतो. म्हणजे घरासारखी गाडी — मागे पलंग, एसी, छोटं किचन, आणि हे सगळं चालवायला गाडीच्या पोटात पेट्रोलवरचा जनरेटर. त्याची इतर कामं मी करतो म्हणून त्यानं दोन दिवसांसाठी गाडी दिली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, पण जनरेटर चालत्या गाडीतही कधी दगा देत नाही म्हणाला. मी दुकानासमोर गाडी उभी करून जनरेटर तास दोन तास चालवून बघितला. घड्याळासारखा चालला. अडीअडचणीला एक लहान सिलिंडर सोबत घेतला, तोही जेमतेम तासभर पुरणारा.

सकाळी निघालो. मी गाडी चालवायला, मागे बाबा पलंगावर आणि त्यांच्याजवळ माझी बायको रेखा. उन्हाचा तडाखा असा, की सगळ्या काचा बंद करून एसी लावला. बाबा पोरासारखे खूश होते.

आखाडा बाळापूर मागे पडलं आणि मागून मशीनची धोक्याची शिट्टी वाजायला लागली. पाठोपाठ रेखानं माझ्या केबिनमागच्या पार्टिशनवर हात आपटला. "अहो, लाईट गेली! मामांचं मशीन बंद झालं!" सासऱ्याला ती मामाच म्हणते.

मी गाडी बाजूला घेतली, बाबांना सिलिंडर लावला आणि बाहेरून जनरेटरची पेटी उघडली. त्या पेटीला कुलूप असतं, किल्ली माझ्या खिशात. पेट्रोल होतं. म्हटलं, उन्हात पेट्रोलची वाफ झाली असेल, नळीत हवा धरली असेल. नळी मोकळी केली, बटण दाबलं, पहिल्या फटक्यात चालू. दहा मिनिटं उभ्या गाडीत चालू ठेवला. एकदाही अडखळला नाही.

"काहून बंद पडलं होतं?" रेखानं विचारलं.

"ऊन," मी म्हणालो. उन्हाळ्यात कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं.

कळमनुरी ओलांडली आणि परत तेच. शिट्टी, पार्टिशनवर हात, माझी धावपळ. ह्या वेळी मला ऑईलच्या सेन्सरचा संशय आला. ऑईल कमी झालं की तो सेन्सर जनरेटर बंद करतो, आणि खड्ड्यात ऑईल हिंदकळलं तरी फसतो. ऑईल बघितलं तर काठोकाठ. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात — सेन्सरची वायरच काढून टाकली. आता ह्या जनरेटरला माझ्या बटणाशिवाय कोणीच बंद करू शकत नव्हतं.

पेटी बंद करताना एक गोष्ट दिसली. इंजिन जिथून हवा ओढतं त्या एअर फिल्टरचं झाकण ओलं होतं. मला वाटलं, एसीचं पाणी ठिबकत असेल. पण एसीची नळी दुसऱ्या बाजूला होती, हे मला नंतर सुचलं.

आत आलो तर रेखा कपाळ धरून बसलेली. "डोकं जड झालंय हो. उलटीसारखं होऊन राहिलं." म्हटलं, काचा बंद, गाडीचे हेलकावे, होतं असं. बाबा अर्धवट झोपेत होते. त्यांच्याजवळ वाकलो तर डोळे न उघडता म्हणाले,

"त्याला म्हन, हात काढ. पोळंल."

"कोणाला, बाबा?"

"आन्नाला. इंजिनावर हात ठिवून बसलाय."

आण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. मी जन्मायच्या आधीच आमच्या विहिरीत गेले. पूर्वी विहिरीतलं पाणी उपसायला रॉकेलवरचं इंजिन खाली विहिरीतच उतरवून ठेवत. त्याच इंजिनाच्या धुरात त्यांचा दम कोंडला, एवढंच मला माहीत. बाबा त्याच्यावर कधी बोलायचे नाहीत. आणि हाताचं म्हणाल, तर आमच्या भागात जुनी माणसं इंजिन बंद करायला बटण शोधत नसत. हवा ओढायच्या तोंडावर तळहात दाबायचा, इंजिन गुदमरून आपोआप मरतं. गावातले म्हातारे सांगायचे, मोठेबाबांचा त्यात हातखंडा होता.

मी स्वतःला समजावलं. आजारी माणूस आहे, गावाला निघालाय, भाऊ आठवणारच. ह्यात काय भुताखेताचं आहे? पण गाडी चालवताना माझं अर्धं लक्ष मागेच होतं. एवढं चकचकीत ऊन, रस्त्यावर ऊसतोडीची वाहनं नाहीत, माणूस नाही, कुत्रं नाही... आणि माझ्या मानेवर सारखं कोणी बघतंय असं वाटत होतं.

हिंगोली यायला अजून बरंच अंतर होतं. दोन्ही बाजूंना उघडं माळ. तिथं तिसऱ्यांदा जनरेटर मेला.

वायर काढलेली होती. पेट्रोल भरलेलं होतं. करंट नीट होता. कुलूप जसंच्या तसं. मी पेटी उघडली, फिल्टरचं झाकण काढलं आणि हातातला पाना खाली पडला.

फिल्टर ओला होता. सगळा नाही. त्याच्यावर धुळीचा थर होता आणि त्या थरात एक ओला पंजा उमटला होता. पाचही बोटं, तळवा, सगळं स्पष्ट. मोठ्या कष्टकरी माणसाचा पंजा, माझ्या हातापेक्षा रुंद. मी बोट लावलं. बाहेर रस्ता पायाला चटका देत होता, इंजिन हात लावता येणार नाही असं तापलेलं... आणि ते पाणी गारढोण. वास येत होता तो शेवाळाचा. विहिरीच्या पाण्याचा.

खरं सांगतो, मी घाबरलो. आणि घाबरलो म्हणून भडकलो. डोक्यात एकच आलं — हा माझ्या बापाला न्यायला आलाय! सिलिंडरचा काटा खाली चाललाय, हिंगोली दूर आहे, आणि हा पुन्हा पुन्हा माझ्या बापाचा श्वास बंद करतोय. जन्मभर जे मानलं नाही त्याच्यावर मी भर रस्त्यात ओरडलो.

"मोठेबाबा! काय वाकडं केलं हो आमी तुमचं? सख्खा भाऊ हाय तुमचा! तुमाला नेयाचंच आसल तर मला न्या, पर त्याईला सोडा!"

कोणी ऐकलं असतं तर मला वेड्याच्या इस्पितळात टाकलं असतं. पण माझा आवाज ऐकून रेखा दार उघडून खाली उतरली, दोन पावलं चालली आणि बाभळीखाली भडाभडा ओकली. मी धावलो. तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "इथं बाहेर बरं वाटून राहिलं. आतमधीच जीव घाबरा होतो. मघापासून गाडी थांबली की बरं वाटतं आन् चालली की परत चालू."

गाडी थांबली की बरं. चालली की त्रास.

मी तसाच रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकलो. जनरेटरच्या सायलेन्सरचा जोड तुटला होता. पाईप लोंबकळत होता, आणि त्याच्या बरोबर वर, पलंगाच्या खाली, वायरी न्यायला पाडलेलं भोक होतं. भोकाच्या कडा काजळीनं काळ्याभोर. गाडी उभी असली की धूर खालून निघून जायचा. गाडी पळायला लागली की वाऱ्यानं तोच धूर वर ओढला जायचा, बंद काचांच्या आत, पलंगाजवळ... आणि बाबांचं मशीन तिथलीच हवा ओढून त्यांच्या नाकात सोडत होतं. दुकानासमोर उभ्या गाडीत तपासताना हे मला दिसणारच नव्हतं.

म्हणजे जनरेटर चालू राहिला असता तर हिंगोलीत मी दोन मढी घेऊन पोचलो असतो. आणि मी मोठ्या शहाणपणानं तो बंदच होऊ नये म्हणून वायर काढून बसलो होतो.

सगळी दारं, काचा सताड उघडल्या. जनरेटरला हात लावला नाही. बाबांना सिलिंडरवरच ठेवून मी गाडी अशी हाणली की कशी पोचली मला आठवत नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, धुराचा परिणाम आहे, आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर कठीण होतं. रेखाचा हात धरून मी तिथंच रडलो. तीच मला म्हणाली, "गप बसा, लोक बघून राहिले."

डॉक्टरांनी बाबांना ठेवून घ्यायचं म्हटलं. बाबा म्हणाले, सकाळी जातो मग. रात्र तिथं काढली. मी जोड वेल्डिंग करून घेतला, भोक बंद केलं, सेन्सरची वायर जागेवर लावली, सिलिंडर भरून घेतला. दुसऱ्या दिवशी काचा उघड्या ठेवून निघालो. जनरेटर गावापर्यंत एकदाही बंद पडला नाही. त्या मालकाकडेही परत कधी पडला नाही. फिल्टर तेवढा मी बदलून जुना काढून घेतला. पाणी केव्हाच वाळलं होतं, पण धुळीत पंजाएवढी जागा तशीच स्वच्छ होती. तो फिल्टर आजही माझ्या दुकानात फळीवर आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा भंगार काहून ठेवला? मी त्याचं मशीन उघडायला घेतो.

मला अजूनही कारण सापडलेलं नाही. कुलूपबंद पेटीत, पळत्या गाडीत, उन्हाळ्यात तो पंजा कुठून आला? तुमच्यापैकी कोणी इंजिनाचा जाणकार असेल तर जरूर सांगा. पाणी आलं असं म्हणा, धूर उलटा हवेच्या तोंडात शिरला म्हणा, मी तपासून बघेन, मी अजूनही मानणाऱ्यातला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी गावात पोचल्यावर काय झालं, तेही त्यात बसवून दाखवा.

गाडी विहिरीजवळ उभी केली. विहीर आता कोरडी, तळाला भेगा पडलेल्या. बाबांना उशीला टेकवून बसवलं. दारातून ते तिकडे बघत होते. मी त्यांना पंजाबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. आपणहून बोलायला लागले.

"तवा इंजिनापाशी खाली मी होतो रे. आन्ना न्हाई. मी चक्कर येऊन पडलो. आन्ना वरून उतरला. आधी इंजिनाच्या तोंडावर हात दाबून इंजिन मारलं, मंग मला दोरी बांधून वर लोटलं. त्याला काढला तवा त्याचा हात तिथंच व्हता... इंजिनावर."

जनरेटर अजून चालू होता. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"पोचलो ना आपन? मंग थोडा येळ सिलिंडर लाव आन् ते इंजिन बंद कर. तुझ्या हातानं कर. त्याला परत तकलीफ नको."