मळणीयंत्रात गेलेली खिडकी

लग्न होऊन मी खर्ड्याजवळच्या सासरी आले, त्याच सुगीत मामंजींनी मळणीयंत्र आणलं. तोवर आमच्या खळ्यावर गहू बैलांच्या पायांखालीच मळला जाई. यंत्र बघायला सगळी आळी जमली. पण पोत्यात पडला तो निम्मा भरडाच.

सासूबाईंनी ओंजळभर उचलून बघितला. "अहो, हे मळलंय का दळलंय?"

दोष जाळीचा होता. फिरत्या ड्रमाखाली भोकं पाडलेल्या पत्र्याची अर्धगोल जाळी होती. दाणे त्या भोकांतून झटकन खाली पडत नव्हते. आतच मार खाऊन फुटत होते. मामंजी यंत्राखाली आडवे होऊन बराच वेळ बघत राहिले. बाहेर आले ते मिशीत भुसा घेऊन.

"पत्रा कामाचा न्हाई. गजांची जाळी पायजे. फटीतनं दाना लगीच खाली!"

गज कुठून आणणार, ते मात्र बोलले नाहीत. आम्ही दोघी बाजार करून परतलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीला एकही गज नाही! लोहाराकडून वाकवून, जोडून ते यंत्रात बसलेसुद्धा होते.

गहू मात्र असा अख्खा पडू लागला की सासूबाईंचं तोंडच बंद झालं. ते उघडलं दुसऱ्या दिवशी. शेजारची शेळी खिडकीतून आत शिरली, परातीतली सगळी कणीक खाऊन चुलीपाशी रवंथ करत बसली.

"आत्ताच्या आत्ता गज बसवा!"

"ऐन सुगीत यंत्र बंद ठिवू व्हय?"

"मग तुमी बसा खिडकीत!"

आणि मामंजी खरंच बसले, हातात काठी घेऊन, आत पाठ नि बाहेर पाय. चूल पेटल्यावर धुरानं खोकून बेजार झाले. तेव्हा त्यांना जुनी जाळी आठवली. तीच त्यांनी खिडकीला ठोकली. जाळी अर्धगोल, त्यामुळे खिडकीला चांगलं टपोरं पोट आलं.

पाण्याला निघालेली शेजारीण थबकली. खिडकीकडे बघून तिनं गंभीरपणे विचारलं, "कितवा म्हैना म्हनायचा?"

सासूबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. मामंजी तडक खळ्याकडे गेले.

पुढे सासूबाई त्या पोटात विरजणाचं गाडगं ठेवू लागल्या. दही तिथं झकास लागायचं.