कमरेपर्यंत आलेली किरणं

त्या वर्षी मी अंबाबाईशी चक्क सौदा केला होता. किरणोत्सवात मावळतीची किरणं तिच्या मुखापर्यंत पोचली तर माझे डोळे वाचतील, नाही पोचली तर आबांसारखंच माझंही होईल. आबा म्हणजे माझे वडील. माझ्या जन्माआधीच त्यांची आधी संध्याकाळची नजर गेली, मग दिवसाची. शिवाजी पेठेतल्या घरी बसून ते वेताच्या खुर्च्या विणत. मी कॉलेजात गेले आणि मलाही दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. ठेच लागली की मी चपलेवर खापर फोडायची. आईच्या वाट्याला एक आंधळा आहे तेवढा पुरे, म्हणून तोंडाला कुलूप.

आबांनी किरणोत्सव कधी चुकवला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते गर्दीत उभे राहत आणि विचारत, कुठवर आली? मी सांगायची, पायांवर, गुडघ्यांवर, कमरेवर. विचारायची त्यांना कधी लाज नव्हती. रस्त्यातही चाहूल लागेल त्याला हाक मारत, पावणं, जरा हात द्या की. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी किरणं नीट दिसावीत म्हणून देवळातले दिवे मालवले आणि माझ्यापुढे नुसता काळोख झाला. आबांनी विचारलं, "कुठवर आली गं?" मला मूर्तीच दिसेना. देवीच्या दारात खोटं बोलायला जीभही रेटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात मागून एक बाई आपणहून बोलली, "पायावर हायत बगा पावणं. आता वर सराय लागल्यात." नेसरीहून आली होती म्हणे. ती सांगत गेली आणि मी श्वास रोखून ऐकत राहिले. मग ती थांबली. "ढग आला. कमरंवरनंच गेली." सौदा मी हरले होते. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आली तेवढी तिची." त्या बाईचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही.

बाहेर अंधारलं होतं. महाद्वाराच्या पायरीवर मी अडखळले, पडता पडता वाचले. आबा जागीच थांबले.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. हे दुखणं आपल्याच रक्तातून पोरीला गेलं, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं असणार. मग माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला आणि माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "अंधारात कसं चालायचं त्ये मला येतंय. शिकवतो. चल." काठी आपटत, वाटेत लोकांना हाका मारत त्यांनी मला घरी आणलं.

माझे डोळे वाचले नाहीत. देवीवर मी बरीच वर्षं रुसून होते. आबांनी मला काठी धरायला शिकवलं, वेत विणायला शिकवलं, आणि एक दिवस तेही गेले. आता वाटतं, मी मागितलं ते तिनं दिलं नाही, पण मला एकटीला सोडलंही नाही. काळोख येण्याआधीच त्यात चालणारा बाप तिनं देऊन ठेवला होता, आणि माझी जीभ अडली तिथं कुणा परक्या बाईला बोलतं केलं. याबद्दल तिच्यापुढे हात जोडताना अजून डोळे भरून येतात.

किरणोत्सवाला मी आजही जाते. दिवे मालवल्याचं गर्दीच्या शांततेवरून कळतं. शेजारी कोण उभं आहे ते ठाऊक नसतं, तरी मी विचारते, "पावणं, कुठवर आली?"

कुणीतरी सांगतंच.