लेबलाच्या सांध्याखाली

आत्याने आयुष्यभर जे काढले ते लोकांनी फेकून दिले, आणि याची तिला कधी खंत वाटली नाही. जॅमची बरणी रिकामी झाली की तिच्यावरचे सफरचंद कचऱ्यात जाई. शाईची दौत संपली की तिच्यावरचे मोरपीसही. "भिंतीवरचं चित्र माणूस वर्षातून दोनदा बघतो," ती म्हणे, "माझं तो रोज हातात धरतो."

गल्लीच्या टोकाला दगडावर चित्र काढून लेबले छापणारा छापखाना होता. तेथे एकोणतीस वर्षे ती चित्रातले रंग वेगळे करीत असे: पिवळा एका दगडावर, तांबडा दुसऱ्यावर, निळा तिसऱ्यावर, आणि सगळे आरशात दिसावे तसे उलटे. छटा आणायची ती टाकाच्या ठिपक्यांनी. एका सफरचंदाच्या गालावर चार चार हजार ठिपके पडत. कामगार तिला ठिपकेताई म्हणत. तिचे वडील अण्णा, म्हणजे माझे आजोबा, त्याच छापखान्यात वाळू आणि पाणी घालून दगड घासत. कालचे चित्र पुसून आजच्या चित्राला कोरी जागा करून देणे, एवढेच त्यांचे काम. पहिली चार वर्षे बापलेक एकाच छपराखाली होते. पुढे दारूने आजोबांना आधी कामावरून उठवले आणि मग जगातून. त्या काळात त्यांना गुत्त्यातून घरी आणणे माझ्या वडिलांच्या वाट्याला आले. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी दारूला कधी हात लावला नाही, आणि वडिलांचे नावही फारसे काढले नाही.

छापखाना बंद पडला. कित्येक वर्षांनी त्याच इमारतीत एका तरुणाने बिअरची छोटी भट्टी सुरू केली. आत्याने त्याचे नाव ठेवले फेसवाला. त्याला जुन्या खणांमध्ये लेबलांचे गठ्ठे सापडले आणि विचारत विचारत तो तिच्या दाराशी आला.

"ताई, आमच्या कॅनसाठी असं काही काढाल?"

"असं म्हणजे सफरचंद?"

"हाताने काढलेलं हो. हल्ली ज्याच्या त्याच्या कॅनवर कवट्या नाहीतर ऑक्टोपस."

"कवटी बघून माणसं पितात? धाडसीच म्हणायची."

तिने काम घेतले. बाबा दर रविवारी तिच्याकडे चहाला जात. टेबलावरचे कॅन पाहून ते एवढेच म्हणाले, "विषाला नटवतेस तू." हा आरोप मी हलका मानत नाही. वेष्टनाचे सौंदर्य निरागस नसते. हात पुढे यावा यासाठीच ते असते. आत्यालाही हे कळत होते. म्हणूनच बहुधा तिच्या एकाही कॅनवर उंचावलेला पेला नाही, पिणारा माणूस नाही. दोन वर्षे तिने कॅनच्या दर्शनी भागावर छोटी चित्रे काढली: एक घुबड, एक दिवा, एक शिडी.

भट्टीला पाच वर्षे झाली तेव्हा फेसवाल्याने कॅनभर फिरणारे एकच चित्र मागितले. आत्याने छापखान्याची गल्ली काढायला घेतली. पुढचे फाटक, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याची खिडकी, सुताराचा कठडा, शिंप्याची कात्री, आणि वळसा घालून पुन्हा त्याच इमारतीचे मागचे दार. त्या दाराच्या पायरीवर, कागदाच्या अगदी उजव्या कडेला, करंगळीच्या नखाएवढा एक माणूस: बूट काढून ठेवलेला, चिंधीने बोटांची शाई पुसणारा.

बाबांनी ते चित्र पाहिले त्या रविवारी मी तेथे होतो.

"हे कोण?"

"ओळखलंस म्हणूनच विचारतोयस ना?"

"अण्णांना बिअरच्या डब्यावर बसवलंस? ज्याने त्यांना खाल्लं त्याच्यावरच?"

"मी दारूच्या आधीचे अण्णा काढलेत, दादा. या चित्रात ते अजून एक थेंबही प्यायलेले नाहीत."

"लोकांना काय कळणार ते?"

"लोकांना नकोच कळायला. तुला कळलं तरी पुरे."

"पूस त्यांना. तोवर मी या घरात चहाला यायचा नाही."

"बरं झालं. साखर वाचेल," आत्या म्हणाली. पण पुढचे तीन रविवार तिने दोन कप मांडलेच: एक तिचा, एक बाबांचा.

चित्र तिने तसेच दिले. पहिल्या काही शे कॅनवर लेबले चिकटवून झाल्यावर फेसवाला एक घेऊन आला. आत्याने तो एकदा फिरवला, दोनदा फिरवला. घड्याळजी होता, सुतार होता, मागचे दार होते. पायरीवर कोणी नव्हते.

चूक तिचीच होती, आणि तीच करू शकेल अशी. कागद गुंडाळून पाहायला तिने कॅन नव्हे, आपला नेहमीचा ब्रश ठेवायचा डबा घेतला होता. छापखान्यातल्या शाईचा, आजोबांनी आणलेला. त्यावर कागदाची दोन टोके नेमकी भिडली, गल्ली पुरी झाली, ती खूश झाली. पण कॅन त्या डब्याहून किंचित बारीक होता. त्यावर लेबलाचे एक टोक दुसऱ्यावर करंगळीभर चढले आणि पायरीवरचा माणूस सांध्याखाली गेला.

"अण्णांच्याच डब्याने अण्णांना गिळलं," ती म्हणाली.

"ताई, कॅन मीच आणून द्यायला हवा होता. पुढच्या छपाईत दुरुस्त करू. सोमवारपर्यंत सांगा."

"राहू दे. ज्याला नको होते त्याच्या मनासारखं झालं."

तिने तो कॅन माझ्या हाती दिला. "दादाला सांग, अण्णा आता दिसत नाहीत. चहाला ये म्हणावं."

बाबांनी कॅन खिडकीजवळ नेला. बराच वेळ फिरवून पाहिला. मला वाटले होते, ते सुटकेचा श्वास टाकतील.

"खरंच पुसलं तिने?"

मी सांध्याची हकीकत सांगितली. ते स्वयंपाकघरात गेले. कॅन उघडला, फेस त्यांच्या मनगटावर आला तसे त्यांनी तोंड फिरवले आणि सगळी बिअर मोरीत ओतली. मग पाणी कोमट केले, कॅन त्यात बुडवून ठेवला, आणि कागद मऊ झाल्यावर वरचे टोक नखाने हळूच उचलले. खाली पायरीचे उरलेले टोक होते. पायरीवर आजोबा होते, ओले, पण अखंड.

"बूट डाव्या हाताला ठेवायचे," बाबा म्हणाले. "मी जेवणाचा डबा घेऊन जायचो तेव्हा त्याच बुटांवर ठेवायचो."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

रविवारी ते गेले. लेबल रुमालात दुमडून नेले होते. ते त्यांनी टेबलावर पसरले.

"हलव त्यांना."

"कुठे?"

"दाराच्या अलीकडे, डावीकडे. करंगळीभर. दिसतील तिथे." मग त्यांनी विचारले, "हातात काय दिलंयस?"

"चिंधी."

"चिंधीच असू दे. दुसरं काही नको."

आत्याने ब्रश काढून शाईचा डबा खिडकीत ठेवला आणि यावेळी खरा कॅन पुढ्यात घेतला. चहा दोघांचाही गार झाला होता. बाबांनी तो तसाच प्यायला आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही टोके धरून बसले.