सुटलेलं नाव

माणिक पांढरीपांडे लग्नानंतर नागपूरहून लखनौला आली. नवरा विनय रेल्वेत इंजिनियर. मुलगी शाळेत रुळल्यावर तिने हजरतगंजमधल्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरली. कंपनीने एका नेत्र रुग्णालयासाठी जँगो या तयार प्रणालीवर सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्यातल्या सगळ्या टेबलांच्या, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांच्या, व्याख्या एकाच अवाढव्य फाइलमध्ये कोंबलेल्या होत्या.

"मी हे नीट लावून देते," ती आपणहून म्हणाली.

रुग्णांची फाइल वेगळी, शस्त्रक्रियांची वेगळी, औषधांची वेगळी. सगळ्या एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डरच्या मुख्य फाइलमध्ये प्रत्येक टेबलाचं नाव. तिथे नाव असलं तरच जँगोला टेबल दिसतं. पुष्कळ दिवसांनी तिला एखादं काम मनापासून आवडत होतं.

एक नाव लिहायचं राहिलं. कोणत्या रुग्णाला पुन्हा कधी बोलवायचं ते ठेवणाऱ्या, फेरतपासणीच्या टेबलाचं. रुग्णांना आपोआप फोन लावणारी स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्राम, तेवढी ते वापरायची, तीही मुख्य फाइलकडे न जाता थेट, म्हणून चाचणीत कुठेच अडलं नाही. हे टेबल आता नको, असं जँगोने धरलं आणि ते काढून टाकायची पायरी बाकी बदलांसोबत तयार केली. माणिकने ती न वाचताच चालवली. टेबल आतल्या सगळ्या नोंदींसकट पुसलं गेलं.

फोन जाणं बंद झालं, तेव्हा कळलं. कंपनीचा मालक अनुप धावत आला. "बॅकअप तो होगा ना?"

बॅकअप नव्हता. डिस्क भरल्यामुळे थंडीपासूनच तो बंद पडला होता. कुणी पाहिलंच नव्हतं.

रुग्णालयाने सूचना लावल्या, वर्तमानपत्रात दिल्या. थोडे रुग्ण आले. पावसाळ्याच्या शेवटी माणिक तिथे कामासाठी गेली, तेव्हा बाकावर एक म्हातारी बसली होती. काचबिंदूने तिचा दुसरा डोळाही गेला होता.

"फोन आएगा, ऐसा बोले थे," ती माणिकला म्हणाली. "हम तो मोबाइल पास में रखके सोते थे, बिटिया."



अनुपने माणिकला नोकरीवरून काढलं नाही, उलट समजावलं. तरी तिने राजीनामा दिला. विनय म्हणाला, "चूक तुझ्या एकटीची नव्हती."

"त्या बाईला जाऊन सांग," ती म्हणाली.

आता ती लखनौच्या महानगर भागातल्या आपल्या घरात असते. मुलगी हिंदीतून विचारते, "मम्मा, खाना खाया?" ती हो म्हणते. जेवलेली नसते.